जुळलेले हाड आणि चालणारा पाय : श्वानचिकित्सेतील पुनर्वसनविचाराचा उदय

पशुवैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी साथीचे रोग, लसी आणि शस्त्रक्रिया यांना जेवढी जागा दिली आहे, तेवढी जखम भरून आल्यानंतरच्या काळाला दिलेली नाही. मोडलेले हाड जुळले, टाके निघाले, जनावर धन्याच्या घरी परतले, की चिकित्सकाची नोंद संपते आणि इतिहासकाराची लेखणीही बहुधा तेथेच थांबते. परंतु ज्याचे हाड उत्तम जुळले आहे असा कुत्रा तीनच पायांवर उड्या मारीत फिरत असेल, तर तो बरा झाला असे म्हणावे काय? हा प्रश्न आज अगदी साधा वाटतो. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो पशुवैद्यकाच्या मुख्य प्रवाहात क्वचितच विचारला गेला. तो कसा उद्भवला, आणि त्याच्या उत्तरासाठी पशुवैद्यकाला मानवी वैद्यकाशी कोणती देवघेव करावी लागली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीच शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मराठीत 'पुनर्वसन' म्हटले की निर्वासित किंवा धरणाखाली गेलेली गावे डोळ्यांसमोर येतात. शब्दाचा धात्वर्थ पुन्हा वसविणे असाच आहे. वैद्यकात मात्र गेलेली क्षमता पुन्हा प्राप्त करून देणे हा अर्थ अभिप्रेत असतो. शब्द आता रूढ झाला आहे, म्हणून येथेही तोच वापरला आहे. पण 'उपचार' आणि 'पुनर्वसन' यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. उपचाराचा विषय जखम होय. पुनर्वसनाचा विषय त्या अवयवाचे कार्य होय.

आधुनिक युरोपीय पशुवैद्यकाचा जन्म घोड्याच्या पाठीवर झाला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १७६१ साली फ्रान्समध्ये ल्योन येथे क्लोद बूर्जलाने स्थापन केलेल्या पहिल्या पशुवैद्यकीय विद्यालयापासून पुढे शतकभर अभ्यासक्रमावर घोड्याचेच अधिराज्य होते, कारण सैन्य, शेती आणि वाहतूक ही त्याच्यावर अवलंबून होती. कुत्र्याची चिकित्सा शिकाऱ्यांच्या परंपरेत वाढली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस गास्तों फेब्यूस या फ्रेंच सरदाराने लिहिलेल्या मृगयाग्रंथात शिकारी कुत्र्यांच्या दुखण्यांना स्वतंत्र जागा आहे, आणि त्याच्या सचित्र हस्तलिखितांत सेवक कुत्र्यांचे पंजे तपासताना व धुताना दिसतात. डेलाबेअर ब्लेन याचा श्वानरोगांवरील इंग्रजी ग्रंथ १८१७ साली आला, आणि विल्यम युअट याने १८४५ साली 'द डॉग' हे पुस्तक प्रसिद्ध केले. या परंपरेत मलम, पट्टी व खपाची आहे. मात्र लंगड्या राहिलेल्या पायाला पुन्हा चालावयास शिकविण्याची कल्पना तीत पद्धतशीरपणे मांडलेली नाही. घोड्याचा पाय मोडला म्हणजे त्याला गोळी घालणे हीच दया समजली जाई, आणि ज्या कुत्र्याच्या कामाला धावण्याखेरीज अर्थ नव्हता त्याच्याही वाट्याला पुष्कळदा तेच येई.

या ठिकाणी मुंबईचा दाखला विचारात घेण्यासारखा आहे, कारण तेथे नेमकी उलट भूमिका संस्थेच्या रूपाने उभी राहिली. १८३२ साली सरकारच्या आज्ञेवरून शहरातील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालली असता पारशी समाजात मोठा प्रक्षोभ उसळला, त्याला हिंदू व जैन व्यापाऱ्यांची साथ मिळाली, आणि काही काळ शहराचा व्यवहार थंडावला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. म्हाताऱ्या, लंगड्या व टाकून दिलेल्या जनावरांना, आणि त्यांत कुत्र्यांनाही, मरेपर्यंत दाणापाणी मिळावे हा तिचा हेतू होता. पुढे त्याच शतकाच्या नवव्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे आश्रयाच्या जोडीला उपचार आला.

लंडनमधील गोळी आणि भुलेश्वरातील पांजरपोळ यांच्यातील नैतिक अंतर उघड आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही या दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीत होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लंगडे जनावर लंगडेच राहणार, असे दोन्ही पक्ष मानीत होते. एकाने त्यावरून मरण योग्य ठरविले, तर दुसऱ्याने आमरण पोषण. हे गृहीत नीतीच्या वादातून सुटणारे नव्हते. ते सुटले अस्थिशल्याच्या एका व्यावहारिक अडचणीतून.

ती अडचण समजण्यासाठी मानवी वैद्यकातील एक जुना वाद पाहावा लागतो. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेला ह्यू ओवेन टॉमस लिव्हरपूलमध्ये व्यवसाय करीत असे. दुखावलेल्या सांध्याला पूर्ण, अखंड व दीर्घ विश्रांती दिलीच पाहिजे असा त्याचा सिद्धान्त होता, आणि त्यासाठी त्याने तयार केलेली लोखंडी कड्याची खपाची १८७५ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या हजारो सैनिकांचे प्राण याच खपाचीने वाचविले. याच्या विरुद्ध टोकाला पॅरिसचा ज्युस्त ल्युका-शांपिओनिएर उभा होता. अस्थिभंगावर मर्दन आणि बेताची हालचाल हेच खरे उपचार होत असे त्याने १८९५ च्या ग्रंथात प्रतिपादन केले. पहिल्या महायुद्धापर्यंत शल्यचिकित्सकांचा कल बव्हंशी टॉमसकडे होता. ल्युका-शांपिओनिएरची बाजू मर्दन करणाऱ्या परिचारिकांनी जिवंत ठेवली, आणि त्यांच्यातूनच पुढे फिजिओथेरपीचा व्यवसाय वाढला.

टॉमसची खपाची कुत्र्यापर्यंत आणण्याचे श्रेय बॉस्टनच्या एंजेल मेमोरियल पशुरुग्णालयातील अर्विन श्रोडर याला दिले जाते. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याने ॲल्युमिनियमच्या सळईचे कडे जांघेत बसवून व पाय ताणून बांधून हाड जागेवर ठेवण्याची पद्धत प्रचारात आणली. ती स्वस्त होती, कोणत्याही दवाखान्यात वाकवून तयार करता येई, आणि गुडघ्याखालच्या साध्या अस्थिभंगांत तिने उत्तम काम दिले. मात्र मांडीच्या हाडात तिचा एक दोष पुढे ठळकपणे दिसून आला. वाढत्या वयाच्या पिल्लाचे मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडले आणि पाय सरळ ताणलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला, तर मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू जुळत्या हाडाच्या गाठीला चिकटतात, आखडतात, आणि गुडघा काठीसारखा ताठ होतो. क्ष-किरणाच्या चित्रात अशा पायाचे हाड निर्दोष दिसते. पिल्लू मात्र तो पाय ओढीत फिरते, आणि कित्येकदा अखेरीस तो कापावा लागतो. जुळलेले हाड आणि चालणारा पाय या दोन भिन्न गोष्टी आहेत याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणे कठीण.

त्याच सुमारास ऑटो स्टेडर हा अमेरिकन पशुवैद्य याच प्रश्नाशी वेगळ्या रीतीने झगडत होता. पेन्सिल्व्हेनियातील आर्डमोर या गावाशी त्याचे नाव जोडले गेले आहे. मोडलेल्या पायाच्या माणसाला सहा आठवडे पडून राहा असे सांगता येते. कुत्र्याला ते सांगता येत नाही. तो प्लॅस्टर चावतो, ओले करतो, आणि वेदना थोडी ओसरली की उठून उभा राहतो. कुत्र्याच्या या स्वभावाला बहुतेक चिकित्सक उपचारातील अडथळा समजत. स्टेडरने तो स्वभाव गृहीतच धरला आणि रुग्ण चालणारच आहे अशा हिशेबाने साधन तयार केले. मोडीच्या वरच्या तुकड्यात दोन व खालच्या तुकड्यात दोन अशा पोलादी सळ्या त्वचेतून हाडात बसवावयाच्या, प्रत्येक जोडीतील सळ्या एकमेकींशी कोन करून ठेवावयाच्या म्हणजे त्या सैल होऊन निसटत नाहीत, आणि दोन्ही जोड्या पायाच्या बाहेरून एका दांड्याने सांधावयाच्या. या दांड्याला फिरकीचे स्क्रू होते. त्यांच्या साहाय्याने सरकलेले तुकडे ताणून, वळवून समोरासमोर आणता येत आणि नंतर तेथेच पक्के करता येत. सांधे मात्र मोकळेच राहत. १९३७ साली त्याने या पद्धतीची प्राथमिक घोषणा एका अमेरिकन पशुवैद्यकीय नियतकालिकात केली.

मोडलेल्या पायावर चालणारे कुत्रे पाहून न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक केनेथ लुईस आणि लेस्टर ब्रायडेनबाख यांनी तेच साधन माणसांवर वापरून पाहिले. १९४२ साली या दोघांचा लेख मानवी शल्यशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा तिसरा सहलेखक म्हणून खुद्द स्टेडरचे नाव त्यावर होते. पशुवैद्याला त्या काळी मिळालेला हा मान सामान्य नव्हे. दुसरे महायुद्ध चालू असल्याने अमेरिकन नौदलाने या साधनात रस घेतला. जहाजावर लोंबत्या वजनांची खाट उभारता येत नाही, आणि प्लॅस्टरमध्ये जखडलेला खलाशी जहाज सोडण्याच्या वेळी पूर्णपणे परावलंबी असतो. त्यामुळे जखमीला हलविता येणे, एवढेच नव्हे तर त्याला स्वतः हलता येणे, हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. नौदलाच्या शार आणि क्रॉइट्झ या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी १९४३ साली या पद्धतीवर स्वतंत्र हस्तपुस्तिकाच लिहिली.

तथापि कुत्र्याकडून माणसाकडे, अशी एकेरी कथा सांगणे चुकीचे ठरेल, जरी ती सांगण्याचा मोह पशुवैद्यकाच्या गौरवग्रंथांना पुष्कळदा होतो. डेन्व्हरच्या क्लेटन पार्कहिलने १८९७ साली आणि बेल्जियमच्या आल्बिन लांबॉतने १९०२ साली माणसांत बाहेरून हाड धरून ठेवणारी साधने वापरलीच होती. सिॲटलच्या रॉजर अँडरसनचे मानवी साधन १९३४ मधले आहे, आणि त्याच शहरातील पशुवैद्य एहमर याने ते लहान करून कुत्र्यांसाठी वळविले. 'कर्श्नर-एहमर' या नावाने ते पुढे कित्येक दशके श्वानचिकित्सेत टिकून राहिले. मानवी वैद्यकात स्टेडरच्या साधनाचे भाग्य लवकरच फिरले. अननुभवी हातांनी बसविलेल्या सळ्यांभोवती पू होऊ लागला, हाडे जुळण्यास विलंब झाला, आणि १९५० साली अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीच्या पाहणीने विशेष प्रशिक्षणावाचून ही पद्धत वापरू नये असा इशारा दिला. पशुवैद्यकाने ती सोडली नाही. याचे कारण सरळ होते : माणसाला पुन्हा खाटेवर निजविता येत होते, कुत्र्याच्या बाबतीत तो पर्याय कधीच उपलब्ध नव्हता.

रुग्णाला चालू देणे एवढ्याने पुनर्वसन साधत नाही; किती, केव्हा आणि कसे चालवावे याचा विचार त्यानंतर येतो. या विचाराला चालना मिळाली ती खेळाच्या व्यवसायातून. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर १९२६ साली यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावविण्यास प्रारंभ झाला आणि काही वर्षांतच ब्रिटनमध्ये त्याचा मोठा धंदा बनला. या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होत असल्यामुळे वळणावर उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर विशिष्ट ताण येतो, आणि तेथील एक लहानसे हाड मोडणे ही या कुत्र्यांची जणू व्यवसायजन्य व्याधीच होय. येथे 'बरा झाला' याचा अर्थ सेकंदांत मोजला जात होता. मर्दन, उष्ण शेक, विद्युत्प्रवाह, क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम हे सारे प्रशिक्षकांनी करून पाहिले, त्यात शास्त्र थोडे आणि हातगुण बराच. या धंद्यात जे कुत्रे पुन्हा वेग धरू शकले नाहीत त्यांची बहुधा गत काय होई हेही नोंदविले पाहिजे : त्यांना मारून टाकीत. कार्याचा विचार येथे होता, पण तो कुत्र्याच्या हितापेक्षा पैजेच्या पैशासाठी अधिक होता.

घोड्यांच्या बाबतीत ब्रिटनमधील चार्ल्स स्ट्राँग या फिजिओथेरपिस्टने हेच काम अधिक पद्धतशीर केले. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या पोलोच्या घोड्यांवर त्याने माणसांवरील विद्युत्-उपचार वापरले, आणि १९६७ साली त्याविषयी पुस्तक लिहिले. माणसांचे फिजिओथेरपिस्ट पशूंकडे वळण्याची परंपरा ब्रिटनमध्ये येथून सुरू झाली असे मानतात.

एवढे होऊनही पशुवैद्यक विद्यालयांत विश्रांतीचाच पाठ दिला जात होता. तो बदलण्यास प्रयोगशाळेतील पुरावा कारणीभूत झाला, आणि या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण हेच आहे. १९७३ साली पाँड आणि नुकी यांनी कुत्र्याच्या गुडघ्यातील एक अस्थिबंध मुद्दाम तोडून माणसाच्या संधिवाताचे प्रतिरूप तयार केले. अमेरिकेत पालमोस्की, ब्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी कुत्र्यांचे पाय प्लॅस्टरमध्ये बांधून त्यांच्या कूर्चेचा अभ्यास केला. १९७९ च्या त्यांच्या निबंधावरून असे दिसून आले की, सहा आठवडे न हललेल्या गुडघ्याची कूर्चा, कोणतीही जखम नसताना, क्षीण होते; पाय मोकळा केल्यावर ती थोड्याच आठवड्यांत पुष्कळशी पूर्ववत होते. १९८१ मध्ये त्यांनी दुसरी गोष्ट दाखविली. प्लॅस्टर काढताच कुत्र्याला जोराने पळविले, तर ही सुधारणा होत नाही. टॉमस आणि ल्युका-शांपिओनिएर या दोघांचे अर्धेअर्धे म्हणणे खरे ठरविणारा हा निष्कर्ष होता : अचलता घातक, पण तिच्यानंतरची अविचारी हालचालही घातक. हे ज्ञान मिळविण्यासाठी वापरलेली कुत्री माणसाच्या सांध्यांसाठी बळी गेली होती. पुढे त्या ज्ञानाचा लाभ त्यांच्या जातीलाही झाला, यावरून पहिली गोष्ट समर्थनीय ठरत नाही. इतिहासकाराने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात हे उचित.

गुडघ्यातील हाच अस्थिबंध, ज्याला क्रुशिएट लिगामेंट म्हणतात, तो कुत्र्यांत आपोआपही वारंवार तुटतो, आणि मागच्या पायाने लंगडण्याच्या कारणांत त्याचा क्रम फार वरचा आहे. हेलसिंकीच्या साकी पाट्सामाने १९५२ साली त्यावर प्रबंध लिहिला, तेव्हापासून शस्त्रक्रियांचे अनेक प्रकार निघाले. बार्कले स्लोकमने १९९३ साली नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून त्याचा उतार बदलण्याची धाडसी रीत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया बदलत गेल्या, परंतु शस्त्रक्रियेनंतरचा आदेश मात्र एकच राहिला : कोंडून ठेवा, फिरवू नका. या आदेशाची प्रत्यक्ष परीक्षा २००२ साली मार्सोले व सहकाऱ्यांनी केली. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या ५१ कुत्र्यांपैकी काहींना पोहणे, चालणे व मर्दन यांचा क्रम दिला आणि बाकीच्यांना रूढीप्रमाणे बंधनात ठेवले. मोजमाप नजरेवर सोडले नव्हते. कुत्रा चालताना पाय जमिनीवर किती जोर देतो हे जमिनीत बसविलेल्या पट्टाने मोजले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील कुत्र्यांचा दुखरा पाय धडधाकट पायाइतकाच भार घेऊ लागला होता. दुसऱ्या गटातील पाय मागे पडलेला होता. निरोगी कुत्रा पुढच्या दोन पायांवर सुमारे ६० टक्के आणि मागच्या दोहोंवर सुमारे ४० टक्के भार घेतो, त्यामुळे मागचा एक पाय चोरून चालणे त्याला सोपे जाते आणि धन्याच्या लक्षात येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा मोजमापाचे महत्त्व कळते.

पाण्याचा उपयोगही याच काळात अनुभवाकडून मापनाकडे आला. २०१० साली टेनेसीच्या डेव्हिड लेव्हाइन व सहकाऱ्यांनी उभ्या कुत्र्याच्या पायांवरील भार मोजला. पाणी मागच्या घोट्यापर्यंत असता तो जमिनीवरील भाराच्या ९१ टक्के, गुडघ्यापर्यंत असता ८५ टक्के, आणि नितंबाच्या सांध्यापर्यंत असता केवळ ३८ टक्के भरला. कमकुवत पायाला किती काम द्यावयाचे हे यामुळे टाकीतील पाण्याची पातळी पाहून ठरविता येऊ लागले. पूर्वी ज्याला प्रशिक्षकाचा हातगुण म्हणत, त्यातील एक अंश येथे आकड्यात उतरला.

संस्थात्मक मान्यतेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. पशूंच्या पुनर्वसनावरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद १९९९ साली ओरेगॉन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे भरला. लेव्हाइन हा माणसांचा फिजिओथेरपिस्ट आणि डॅरिल मिलिस हा पशुशल्यचिकित्सक. या दोघांनी रॉबर्ट टेलर यांच्यासह संपादिलेला श्वानपुनर्वसनाचा ग्रंथ २००४ साली आला, आणि २०१० साली अमेरिकेत या विषयाला पशुवैद्यकाची स्वतंत्र विशेषशाखा म्हणून स्थान मिळाले. माणसांवर उपचार करणाऱ्याने पशूंना हात लावावा की नाही, यावर या वर्षांत दोन्ही व्यवसायांत झालेले तंटे हे मुख्यतः अधिकारक्षेत्राचे होते. त्यांतून ज्ञानात भर पडल्याचे दिसत नाही.

विशेषशाखा झाली की तिचे भक्तही निर्माण होतात, आणि मग प्रत्येक सुधारणेचे श्रेय उपचाराला दिले जाते. त्या दृष्टीने २०१८ साली प्रसिद्ध झालेली झिदान, नताशा ओल्बी व सहकाऱ्यांची चाचणी विशेष उल्लेखनीय होय. पाठीच्या कण्यातील चकती सरकून मागचे पाय लुळे पडणे ही डाक्सहुंड जातीच्या कुत्र्यांची कुप्रसिद्ध व्याधी. स्टॉकहोमच्या हान्सेनने १९५० नंतरच्या दशकारंभी तिचे प्रकार निश्चित केले होते. अशा व्याधीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३० कुत्र्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने दोन गटांत विभागले, आणि निरीक्षकाला कोणता कुत्रा कोणत्या गटातला हे कळू दिले नाही. एका गटाला मूलभूत स्वरूपाचे पुनर्वसन मिळाले, दुसऱ्याला सखोल. सखोल उपचार लवकर सुरू केल्याने अपाय झाला नाही. पण त्या गटातील कुत्री अधिक लवकर किंवा अधिक चांगली चालू लागली असेही आढळले नाही. काही चिकित्सकांनी या निष्कर्षाचा अर्थ पुनर्वसन निरुपयोगी आहे असा घेतला. तो चूक आहे. ज्यांच्या मज्जारज्जूत काही संवेदना शाबूत होती अशीच कुत्री या चाचणीत होती, आणि ती बहुधा सुधारतातच. शिवाय ज्याच्याशी तुलना केली तो गटही पिंजऱ्यात कोंडलेला नव्हता. ज्याला तेथे 'मूलभूत' म्हटले, ते १९३० साली कोणत्याही पशुरुग्णालयात मिळू शकले नसते.